वेळ घालवायला नव्हे, शिकायला : वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या कला-कार्यशाळा

ओला कागद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जलरंग शिकवते. गेल्या वर्षी एका सार्वजनिक वाचनालयाने ज्येष्ठ सदस्यांसाठी दोन तासांची कार्यशाळा घ्यायला बोलावलं होतं. बावीस जण आले. मी एक सोपं निसर्गचित्र निवडलं, आधी आकाश, मग डोंगर, मग झाड, असं सगळ्यांकडून एकेक करून घेतलं. दोन तासांत बावीस सारखी चित्रं तयार झाली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, आभारप्रदर्शन झालं. सामान आवरत होते तेव्हा एक आजोबा मागे थांबले आणि म्हणाले, "मॅडम, आज बरं वाटलं. पण उद्या घरी एकटा बसलो तर यातलं मला काय येईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना काहीच येणार नव्हतं, कारण मी काही शिकवलंच नव्हतं. हात त्यांचे होते, चित्र माझं होतं.

त्यानंतर ग्रंथपालांशी बोलून आम्ही आठ सत्रांची मालिका केली. आठवड्यातून एकदा, दीड तास, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच माणसं. आराखडा माझ्या डोक्यातला नाही. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली 'लाइफटाइम आर्ट्स' नावाची संस्था सुरू झाली, तिने अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये ही पद्धत रुजवली. शिकवणारा स्वतः कलाकार हवा, कौशल्य पायरीपायरीने चढत जायला हवं, माणसांची एकमेकांशी ओळख व्हायला मुद्दाम वेळ ठेवायला हवा आणि शेवटी केलेलं काम चारचौघांसमोर मांडायला हवं.

पहिल्या सत्रात आम्ही चित्र काढलंच नाही. एक रंग, पाणी आणि कागद, एवढंच. कागद ओला करायचा, ब्रशचं टोक टेकवायचं आणि बघत बसायचं. एका आजींनी निळ्याचा ठिपका टेकवला, तो पसरायला लागला तसा त्यांनी हात चटकन मागे घेतला. "हे मी नाही केलं हं!" असं म्हणाल्या. मी म्हटलं, पाण्याने केलं, आता पाणी किती वाळल्यावर ते असं करत नाही ते शोधू. दीड तास त्यांनी तेच शोधलं. कागदाची चकाकी गेली की रंग कमी पसरतो, हे त्यांना मी सांगायच्या आधी कळलं होतं.

दुसऱ्या सत्रात एकाच रंगाच्या फिक्या ते गडद अशा पाच पायऱ्या. तिसऱ्यात दोन रंगांची मिसळ. पाचव्यापर्यंत प्रत्येकाची चित्रं वेगळी दिसायला लागली होती.

एक कळकळीची विनंती: कागदावर काटकसर करू नका. साधा ड्रॉइंगचा कागद पाण्याने फुगतो, लाटा येतात, रंग खड्ड्यात साचतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला जमत नाही. दोष कागदाचा असतो, पण सत्तरी ओलांडलेला माणूस तो लगेच आपल्या हाताला लावतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या. लहान तुकडे करून द्या, पण जाड द्या.

तुमच्याकडे असं काही झालं आहे का? काय जमलं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा.


सत्तरीपार

तुमच्या त्या आजोबांचा प्रश्न माझाही आहे. वय ७४. आतापर्यंत चार 'ज्येष्ठांसाठी' कार्यशाळा केल्या. प्रत्येक ठिकाणी माझ्या वेड्यावाकड्या कामाला "अय्या, किती गोड!" असं म्हटलं गेलं. मी एकतीस वर्षं हिशेबाचं काम केलं आहे. चूक दाखवली की ती दुरुस्त करायची, असंच शिकत आले. आता सगळंच गोड म्हटल्यावर कुठे सुधारायचं ते कळत नाही. आमच्याकडून काही अपेक्षाच उरलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो आणि तो फार लागतो.

फक्त एका शिक्षिकेने माझ्या चित्राकडे बराच वेळ पाहून म्हटलं, "सावली दोन दिशांना पडली आहे. सूर्य कुठे आहे ते एकदा ठरवा." त्या दिवशी मी घरी जाऊन रात्री अकरापर्यंत काढत बसले होते.


दुसरी बाजू

विषय चांगला आहे, पण मला एक शंका आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो. मी एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. पुस्तकांची बांधणी रखडली आहे, नवीन खरेदी तुटपुंजी आहे, वाचनकक्षात अभ्यासाला येणाऱ्या मुलांना शांतता हवी असते. अशा ठिकाणी रंग, पाणी, गप्पा हे कशासाठी? चित्रकला शिकवायला चित्रकलेचे वर्ग आहेत. वाचनालयाने पुस्तकं सांभाळावीत, तेही काम पूर्ण होत नाही.


देवघेव खिडकी

@दुसरी बाजू, मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमची अडचण मला चांगली ठाऊक आहे. बांधणीचे पैसे रंगांवर घालू नका, हे मी पण म्हणेन. पण 'हे वाचनालयाचं काम नाही' हे मान्य नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पाचवं सूत्र सांगतं की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. नुसती कपाटं वाढली म्हणजे संस्था वाढली असं नाही. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा १९४९ पासून आहे, २०२२ मध्ये तो पुन्हा सुधारला गेला. वय कोणतंही असो, सेवा सर्वांना, हे त्याचं मूळ तत्त्व आहे.

ज्येष्ठ माणूस कलावर्गात जाताना दहा वेळा विचार करतो. तिथे तरुण मुलं असतील, आपण हसं करून घेऊ, असं वाटतं. वाचनालयात मात्र तो चाळीस वर्षं येतो आहे. रोज पेपर वाचायला येणाऱ्याला बाजूच्या खोलीत बसवणं सोपं असतं. हा विश्वास कोणत्याही वर्गाला विकत घेता येत नाही.

आणि पुस्तकांचं म्हणाल तर एक उपाय सांगतो. आम्ही कार्यशाळेच्या दाराशी पुस्तकांची ढकलगाडी उभी करायचो. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात कला ७०० मध्ये येतात, त्यातलं ७४६ म्हणजे विणकाम-भरतकाम, ७५० म्हणजे चित्रकला. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली पुस्तकं त्या गाडीवरून घरी जायला लागली. ज्यांनी आधी फक्त कादंबऱ्या नेल्या, ते रंगशास्त्रावर काही आहे का, असं विचारत खिडकीशी यायचे. देवघेव विभागात बसलेल्या माणसाला याहून मोठा आनंद नसतो.

शांततेचा प्रश्न मात्र खरा आहे. वाचनकक्षात कार्यशाळा घेऊच नये. वेगळी खोली नसेल तर अभ्यासकांची गर्दी नसलेली वेळ निवडावी.


चष्मा

मी डोळे तपासण्याचं काम करते, म्हणून थोडं त्या बाजूने.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. आपल्याला उजेड पुरेसा वाटतो ती खोली त्यांना अंधारी असते. निळा आणि जांभळा, निळा आणि हिरवा यांतला फरक कमी जाणवतो. त्यामुळे एखाद्या आजोबांनी आकाश हिरवट रंगवलं तर त्यांना तसंच दिसत असण्याची शक्यता आहे.

फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. पुढच्या वर्षांत त्याच्या चित्रांत लाल-तपकिरी रंग वाढत गेले, आकार विरघळत गेले. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा निळा रंग त्याला पुन्हा दिसू लागला. मोतीबिंदू काढलेले तुमचे विद्यार्थीही सांगतील, एकदम सगळं निळं-निळं दिसायला लागलं म्हणून.

तर प्रत्येक टेबलावर वेगळा दिवा ठेवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. समोर खिडकी नको, डोळे दिपतात. टेबलावर चकचकीत काच असेल तर वर साधं कापड टाका. रंगांच्या नळ्यांवर नावं बारीक असतात, ती ठळक अक्षरांत लिहून चिकटवा, म्हणजे कोणाला "हा कोणता हो?" असं दर वेळी विचारायला लागत नाही.


ओला कागद

@चष्मा, हिरवट आकाशाचं वाचून थबकले. मी मागच्या महिन्यातच एकांचं आकाश 'दुरुस्त' करून दिलं होतं. आता त्यांना विचारेन, तुम्हाला ते कसं दिसतं ते.

@सत्तरीपार ताई, सूर्य कुठे आहे ते ठरवा, हे वाक्य मी वापरणार आहे.


पानगळ

माझ्या आईचे हात थरथरतात. ती शाळेत असताना चित्रकलेत पहिली यायची. वाचनालयाची जाहिरात वाचून मी तिचं नाव घातलं. पहिल्याच दिवशी बारीक ब्रशने फुलाच्या पाकळ्या भरायला दिल्या होत्या. रेषेबाहेर रंग गेला, शेजारच्या बाई काहीतरी समजुतीचं बोलल्या आणि आईने ब्रश खाली ठेवला. तिथून उठली ती पुन्हा गेली नाही. मी तिला घेऊन गेले, याचंच मला वाईट वाटत राहिलं. अशा माणसांसाठी काही करता येतं का, की नाव घालणंच चूक होती?


कात्री

@पानगळ, नाव घालणं चूक नव्हती. त्यांना जो प्रकार दिला तो चुकला.

मी कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, शिकवते. थरथरणाऱ्या हाताला बारीक ब्रश हा शत्रू. जाड दांड्याचा, वजनदार ब्रश द्या, किंवा साध्या ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवा. मनगट हवेत नको, कोपरापासून हात टेबलावर टेकलेला हवा. कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बोर्डाला बसवा, म्हणजे दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागत नाही. संधिवात असेल तर आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते, ती वापरा.

किंवा ब्रश बाजूलाच ठेवा. कागद फाडा. फाडलेल्या कागदाची कड कोणाचीच सरळ येत नाही, तिथे थरथर दोष ठरत नाही. फ्रेंच चित्रकार आँरी मातीसचं १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर तो बराचसा काळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत असे. सहायक कागदांवर रंग चढवून द्यायचे आणि तो कात्रीने थेट रंगात आकार कापायचा. त्याचं उतारवयातलं हेच काम आज संग्रहालयांत लोक आवर्जून बघतात. मी पहिल्या सत्रात ही हकिकत सांगते, कारण नाहीतर कोलाज म्हणजे लहान मुलांचा चिकटकामाचा तास, असं वाटून माणसं हिरमुसतात.

आईंना एकदा फाडकामाला बसवून बघा. घरी, तुम्ही दोघीच. दोघींनी फाडायचं, मात्र. तिने करायचं आणि तुम्ही बघायचं, असं नको.


रोजचा वाचक

कोलाजसाठी कागद कुठून आणता? आमच्याकडे एकदा निर्लेखित, म्हणजे वाचनालयाने बाद केलेली, पुस्तकं फाडायला दिली होती. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पानं चाळली, आणि नाही फाडलं. तसंच परत ठेवलं. "अख्खं आहे हो अजून," एवढंच म्हणाले. संचालिका समजावत होत्या, हे रद्दीतच जाणार आहे. मला त्यांचं पटत होतं, पण माझाही हात चालला नाही.


देवघेव खिडकी

हे मी पाहिलं आहे. नियमाने बोलायचं तर निर्लेखन झालेलं पुस्तक नोंदीतून उतरलेलं असतं, त्याचा उपयोग करायला हरकत नाही. पण ज्यांनी आयुष्यभर पानाचा कोपरासुद्धा मुडपला नाही, त्यांच्या हातात पुस्तक देऊन 'फाडा' म्हणणं योग्य नव्हे. आम्ही बांधणीतून निसटलेली सुटी पानं, फाटकी वेष्टणं आणि जुनी नियतकालिकं वेगळी काढून ठेवायचो. जे आधीच सुटलेलं आहे त्याला नवा आकार द्यायला कोणी मागेपुढे बघत नाही.


शाईचा डाग

लेखनाच्या कार्यशाळांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रवींद्रनाथ टागोरांची चित्रकला हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून उगवली. खोडलेले शब्द एकमेकांना जोडत ते आकार काढायचे. साठीनंतर ते जोमाने चित्रं काढू लागले, १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन झालं आणि मागे दोन हजारांहून जास्त चित्रं ठेवून गेले.

आम्ही यावरून एक खेळ केला. प्रत्येकाने आपल्या पहिल्या घराबद्दल एक पान लिहायचं. मग नको वाटतील ते शब्द नुसते खोडायचे नाहीत, गडद करून भरायचे. मग ते काळे डाग एकमेकांना जोडायचे. एका आजींच्या पानावर जिना उमटला. लिहिताना त्यांनी जिन्याचा उल्लेख केलेला नव्हता. त्या पानाकडे बघत राहिल्या आणि मग खरं काय ते लिहायला बसल्या. पुढची वीस मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही.

चित्रवाले आणि लेखनवाले असे वेगळे गट नकोत, असं मला तेव्हापासून वाटतं. वाचनालयात तर नकोतच.


आकडे बोलतात

या कार्यशाळांनी तब्येत सुधारते, असं सरसकट म्हटलं जातं, त्याबद्दल थोडं. मानसोपचारतज्ज्ञ जीन कोहेन यांच्या पथकाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन परिसरातले १६६ ज्येष्ठ त्यात होते. एक गट व्यावसायिक संचालकाकडे नियमित समूहगान शिकला, दुसरा आपला नेहमीचा दिनक्रम करत राहिला. वर्षानंतर गाणाऱ्या गटात डॉक्टरांकडच्या फेऱ्या, औषधं आणि पडण्याचे प्रसंग तुलनेने कमी होते, एकटेपणाही कमी होता. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या ६७१० लोकांची १४ वर्षांची माहिती होती. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा संग्रहालयं, नाटकं, संगीताच्या मैफलींना जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला.

पण हा दुसरा अभ्यास निरीक्षणाचा आहे. ज्याची तब्येत बरी तोच मैफलीला जातो, हेही खरं असू शकतं. संशोधकांनी आरोग्य, उत्पन्न वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या, तरी कार्यकारण सिद्ध होत नाही. शिवाय तिथे मोजलं ते बघणं-ऐकणं, स्वतः करणं नव्हे. तेव्हा पत्रकावर 'चित्र काढा, आयुष्य वाढवा' असं छापू नका. माणसं औषध म्हणून येतील आणि गुडघा दुखायचा थांबला नाही की सोडून जातील.


सत्तरीपार

@आकडे बोलतात, पूर्ण सहमत. मला चित्र येण्यासाठी चित्र शिकायचं आहे. रक्तदाबासाठी गोळी आहे.


पानगळ

@कात्री, रविवारी बसलो. आई आधी नाही म्हणाली. मी एकटीच फाडायला लागले तर दहा मिनिटांनी, "अगं तो पिवळा तिथे नाही, खाली घे," अशी सुरुवात झाली. मग कागदच माझ्या हातातून घेतला. दीड तास. काय झालंय ते चित्र मला अजून नीट सांगता येत नाही, पण तिने ते कपाटाच्या दाराला लावलं आहे आणि येता-जाता त्यातली एक पट्टी बदलते.

अजून एक विचारायचं होतं. तिच्या मैत्रिणीला विस्मरणाचा आजार आहे. तिलाही येता येईल का? मागचं सत्र तिला आठवणारच नाही.


शाईचा डाग

येता येईल, पण पायरीपायरीने चढणारी मालिका तिच्यासाठी नाही. अॅन बास्टिंग यांनी 'टाइमस्लिप्स' नावाची एक पद्धत उभी केली आहे. त्यांना २०१६ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला. गटासमोर एक चित्र किंवा फोटो ठेवायचा. 'हे कोण, आठवतंय का?' असं विचारायचंच नाही, कारण त्या प्रश्नाला चुकीचं उत्तर असतं आणि चुकलं की माणूस मिटून जातो. 'या माणसाला काय नाव देऊ या? तो कुठे निघालाय?' असं विचारायचं. जे उत्तर येईल ते, अगदी नुसता आवाज असला तरी, शब्दशः फळ्यावर लिहायचं आणि मधून मधून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. शेवटी गटाची एक गोष्ट तयार होते.

मी दोनदा घेतलं आहे. लिहून घ्यायला एक आणि प्रश्न विचारायला एक, अशी दोन माणसं लागतातच. सोबत आलेल्या घरच्यांना आधी सांगून ठेवा की मध्ये दुरुस्ती करायची नाही. तेच सर्वांत अवघड जातं त्यांना.


दुसरी बाजू

चार दिवस हा धागा वाचतो आहे. काल मुद्दाम वाचनालयात दुपारी जाऊन बसलो. दोन ते चार या वेळात वाचनकक्षात तीन माणसं होती, तिघंही साठीच्या पुढची, आणि तिघांनीही पेपर वाचून संपवला होता. बाजूची खोली जुन्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती रिकामी करता येईल.

बांधणीबद्दलचं माझं मत कायम आहे, त्यातला पैसा इकडे वळवू देणार नाही. पण कार्यकारिणीसमोर वेगळा विषय म्हणून ठेवतो. @ओला कागद, बारा जणांसाठी काय काय सामान लागेल ते लिहाल का? आणि शेवटचं प्रदर्शन करायचंच का? आमच्याकडे भिंत नाही, सगळीकडे कपाटं आहेत.


ओला कागद

आनंद वाटला. लिहिते.

बारा बोर्ड, कागदाहून थोडे मोठे. ३०० जीएसएमचा कागद, प्रत्येकाला दर सत्राला दोन छोटे तुकडे, म्हणजे आठ सत्रांचे १९२. थोडे जास्तच ठेवा, वाया जाऊ द्यावे लागतात. गोल ब्रश ८ आणि १२ नंबरचे, प्रत्येकी बारा. लहान नंबर आणूच नका. रंग तीनच, पिवळा, लाल, निळा, मोठ्या नळ्यांत. बाकीचे मिसळून करायला शिकवायचे आहेत. पांढऱ्या पसरट बश्या पॅलेट म्हणून चालतात. पाण्याची भांडी चोवीस, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, ती जड बुडाची घ्या, लवंडत नाहीत. मास्किंग टेप, जुनी सुती फडकी. टर्पेंटाइन लागणारं काहीही बंद खोलीत नको. खुर्च्यांना हात हवेत, उठताना आधार लागतो. जुन्यांतल्या तशा निवडून ठेवा.

प्रदर्शन कराच. भिंत नसेल तर कपाटांच्या काचांना आतून लावा, आमच्याकडे तसंच केलं होतं. पुस्तक शोधायला आलेला प्रत्येक जण चित्रासमोर थांबतो. प्रत्येक चित्राखाली नाव लिहा. वय लिहू नका.

पाण्याची बादली मात्र दाराबाहेर, कपाटांपासून लांब. खोली नक्की झाली की कळवा, पहिल्या सत्राला मी येते.